पणजोबाचा कागद कुठे आहे?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की कळमनुरीच्या तहसील कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानांवर बाप-लेकांची गर्दी होते. पोराला पुढचा प्रवेश घ्यायचा असतो, जातीचा दाखला काढायचा असतो, त्याची पडताळणी करून घ्यायची असते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. पणजोबाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणा, जमिनीचा जुना उतारा आणा! ज्या पणजोबाला शाळेची पायरी चढू दिली नाही, ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्याचा उतारा आणायचा कुठून? कागद नसेल तर चौकशीची सोय नियमात आहे. पण कॉलेजची मुदत त्या चौकशीसाठी थांबत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू आम्हास मॉरिशसमध्ये दिसते. मार्च २०२४ मध्ये त्या देशाच्या राष्ट्रीय दिनाला गेलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तेथील भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळेल असे जाहीर केले. सातव्या पिढीने आपला पूर्वज सिद्ध करायचा कसा? तर कागदावरूनच. आणि तो कागद तिथे आहे!

१८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपविण्याचे ठरले. मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना गुलामांच्या जागी स्वस्त मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या सुमारे ८० वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिथे गेली. १८४२ च्या कायद्यानंतर कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे कुणबी होते, मराठे होते, तसेच महारही होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार आणि शिधा. या कराराला म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’ला लोक ‘गिरमिट’ म्हणू लागले आणि माणसे गिरमिटिया झाली.

उतरल्याबरोबर प्रत्येकाला नंबर मिळे. रजिस्टरात त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि तारीख लिहिली जाई. पुढे फोटोही काढले गेले. ही रजिस्टरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मजूर ज्या धक्क्यावर उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मॉरिशसचा माणूस आजोबा-पणजोबांच्या लग्नाच्या, मृत्यूच्या दाखल्यावरून मागे मागे जातो. त्यातून मूळ पुरुषाचा नंबर सापडतो आणि नंबरावरून रजिस्टराचे पान उघडते. दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडलेल्या माणसाच्या कपाळावर व्रण होता की नव्हता, हेसुद्धा त्याला कळते!

इंग्रज दयाळू होता म्हणून त्याने हे लिहिले काय? मुळीच नाही. मळेवाल्याने पैसे मोजून आणलेला मजूर पळाला तर तो ओळखता यावा, यासाठी ती खूण होती. एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांचा पगार कापत. पासाशिवाय बाहेर दिसला की तुरुंगात टाकत. पण माणसे गप्प बसली नाहीत. १८७१ साली ९४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि त्यातून रॉयल कमिशन नेमले गेले. ज्या नंबराने त्यांना बांधले, त्याच नंबराने आज त्यांची नातवंडे आपले घर शोधत आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. समुद्र ओलांडला तरी जातीचा रकाना सुटला नाही. तरीही गावकुसाबाहेरचा एखादा माणूस डेपोत कारकुनासमोर उभा राहिला आणि त्याने दुसरीच जात सांगितली असेल, तर त्याला खोटारडा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? गावाने लादलेले ओझे त्याने बंदरावर उतरवून ठेवले, एवढेच! पूर्वज शोधणाऱ्याने त्या रकान्यात मोठेपणा शोधू नये. माणूस का निघाला, हे शोधावे.

जे गेले त्यांची नोंद राहिली. जे राहिले त्यांचे काय? कळमनुरी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. वेठबिगारीला रजिस्टर नव्हते. पाटलाच्या दारात राबणाऱ्याचे नाव लिहिण्याची कोणाला गरजच नव्हती. जे थोडे कागद होते ते उर्दूत, मोडीत. ते वाचणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुढे १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर नांदेड आणि तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील खेड्यांत दलितांची घरे जाळण्यात आली. घर जळते तेव्हा पेटीतला कागदही जळतो. जाळणाऱ्यांच्या राखेतून पुरावा आणून द्या, असे जळालेल्याला सांगणे हा कुठला न्याय?

आणि ऊस अजून संपलेला नाही. दिवाळी आली की मराठवाड्यातील टोळ्या मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला नाव नसते, त्यांचा ‘कोयता’ असतो. एक दिवस आजारी पडले की खाडा आणि खाड्याचा दंड. १८५० चा मॉरिशस आणि आजचा फड यांत फरक किती? पोर बरोबर गेले की शाळेतून त्याचे नाव सुटते. म्हणजे उद्याच्या पणतूने ज्या उताऱ्यावर हक्क सांगायचा, तो उतारा आजच हरवतो आहे! ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचा निर्णय शासनाने २०२१ साली घेतला. त्याची अंमलबजावणी वस्तीवस्तीत झाली पाहिजे आणि ओळखपत्र मजुराच्या हातात पडले पाहिजे. निजामकालीन कागदांचे वाचन शासनाने स्वतः करून तालुक्याला उपलब्ध करून द्यावे. त्याचा खर्च प्रवेशासाठी धावणाऱ्या मजुराच्या माथी मारू नये.

पण सर्वच शासनावर सोडून चालणार नाही. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांचा माग काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ आणि १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ हे प्रश्न ग्रंथरूपाने मांडले. कागद नाही म्हणून ते थांबले नाहीत. आपल्याला तर केवळ चार पिढ्यांची नावे लिहायची आहेत. प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवा. घरातील सर्वांत वयस्कर आजीला विचारा. पणजोबाचे नाव काय, पणजीचे माहेर कोणते, मुंबईला, हैदराबादला पहिल्यांदा कोण गेले, कोणत्या दुष्काळात गेले, धम्मदीक्षा कोणी घेतली, हे तारखेसह लिहा. मुलींची नावेही लिहा. त्या वहीने पडताळणी होईलच असे नाही. पण कोणता कागद कुठे शोधायचा, हे तीच सांगेल.

मॉरिशसच्या मजुराला मालकाने लिहून ठेवले. आपल्याला आपणच लिहावे लागेल. आजी आहे तोवर वही उघडा!