ओवी आणि पेटी

मराठी घरात फोटो फार जपतात, आवाज मात्र कोणी जपत नाही. आजीचा फोटो भिंतीवर असतो, त्याला चंदनाचा हारही असतो. पण ती हाक कशी मारी, हे नातवंडांना विचारा, सारी गप्प!

माझी आत्या जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीला राहते. वय पंच्याऐंशीच्या घरात, जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ. तिकडे जवळच खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी ताऱ्यांचे रेडिओ-तरंग टिपतात. मग आत्याचा आवाज पुण्याच्या आमच्या घरी टिपता येऊ नये काय?

दर रविवारी तिचा नातू मोबाइल धरतो आणि ती आमच्या संगणकावर दिसते. संगणक म्हातारा, बोलणे आणि मुद्रण ही दोन्ही ओझी त्याला पेलत नाहीत. म्हणून मुलीने बाहेरची मुद्रणपेटी आणली. संगणकाची एचडीएमआय तार पेटीत जाते, तिथून दुसरी तार टीव्हीला. वाटेत चित्राची आणि आवाजाची नक्कल पेनड्राइव्हवर उतरते. युक्ती तशी जुनीच. १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीचा व्हिडिओ टेप रेकॉर्डर आला; त्यापूर्वी दूरचित्रवाणीचा कार्यक्रम ठेवायचा तर पडद्यासमोर चक्क फिल्मचा कॅमेरा उभा करीत.

हिशेबही सोपा. सेकंदाला ८ मेगाबिट या वेगाने तासाला सुमारे ३.६ जीबी जागा लागते. वीज गेली तर चालू असलेली फाइल बिघडण्याची भीती, म्हणून पेटी इन्व्हर्टरवर ठेवावी आणि अर्ध्या तासाने थांबवून पुन्हा सुरू करावी. विकतचा चित्रपट लावाल तर मात्र नक्कलबंदीमुळे पेटीत बहुधा काळोखच उतरेल!

आणखी एक मेख आहे. पेटी संगणकातून बाहेर पडणारा आवाज तेवढाच टिपते. आत्या ऐकू येते. माझा प्रश्न माइकमधून थेट पिंपळवंडीला जातो, पेटीत उतरत नाही. सौभाग्यवतीने त्यावर साधा उपाय काढला: प्रश्न वहीत, तारखेसह.

सगळे जुळले. राहिले होते फक्त आत्याला विचारायचे.

“भरून ठिवतोस व्हय? ठिव,” ती म्हणाली. “भावावरच्या ठिव, इठ्ठलाच्या ठिव. सासुरवासाच्या नको.”

“का गं आत्या?”

“ज्यांच्यावर म्हटल्या ती मानसं गेली रे. त्यांची उणीदुणी लेकरांच्या म्होरं कशाला?”

मराठीचा प्राध्यापक जागा झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवासाच्या ओव्या त्यांतही आहेत, आणि बाईचे मन कळायला त्यांच्याइतके मोलाचे साधन नाही. हे मी आत्याला सांगून पाहिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग त्या बायांनी दिल्या आसतील. मी देत न्हाई.”

त्या रविवारी तिने भावावरच्या आणि विठ्ठलाच्या ओव्या म्हटल्या. मग म्हणाली, “आता बंद कर.” मुलीने बटण दाबले. मग आत्याने सासुरवासाच्या ओव्या म्हटल्या, अगदी हळू आवाजात. आम्ही तिघेही नुसते ऐकत बसलो.

मुद्रित ओव्यांच्या दोन प्रती केल्या आहेत. एक पुण्याला, एक पिंपळवंडीला. उरलेल्या ओव्यांची प्रत नाही. मुलीला त्यांतल्या चार-पाच आठवतात. ती त्या कोणाला म्हणून दाखवत नाही, आणि मीही विचारत नाही.