मोबाईलसमोरचे हात

परवा संध्याकाळी शेजारच्या घरी डबा परत द्यायला गेले होते. ओटीवर त्यांची बारा वर्षांची लेक मांडी घालून बसली होती. समोर तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल, आणि तिचे दोन्ही हात भराभर चाललेले. पडद्यावरची तिच्याच वयाची मुलगी तितक्याच वेगाने उत्तरे देत होती. मध्येच दोघी हसून लोटपोट झाल्या.

ही मुलगी जन्मापासून कर्णबधिर. जिल्ह्याच्या गावी निवासी शाळेत शिकते. पडद्यावरची तिची वर्गमैत्रीण, तिचे गाव इथून बरेच लांब. मे महिन्याची सुटी लागली की इतर मुले आनंदाने उड्या मारतात. हिला मात्र सुटी नकोशी वाटे. घरात जीव लावणारी पाच माणसे आहेत. पण ‘ये’, ‘जेव’, ‘झोप’ यापलीकडे तिच्याशी कोणालाच बोलता येत नाही.

वडील मला म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा हिला. तास तास हात नाचवत बसते. अशाने तोंडाने बोलायची कधी?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. कारण एके काळी मीही हेच म्हणत असे. १९८२ साली माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला ऐकू येत नसे. तो हातांनी काही सांगू लागला की मी त्याचे हात धरून खाली करी आणि म्हणे, "तोंडाने बोल." हेतू चांगलाच होता. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. हात धरून मी त्याला गप्पच करत होते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

ही समजूत जुनीच आहे. १८८० साली इटलीत मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांऐवजी तोंडी भाषाच शिकवावी, असा ठराव झाला. त्याबद्दल खेद व्यक्त करून तो ठराव नाकारला गेला तो २०१० साली, व्हँकुव्हरच्या परिषदेत. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक, त्यांची पत्नी लहानपणापासून बहिरी. त्यांनी १८७६ साली जगाला टेलिफोन दिला, पण तो तिच्या काय उपयोगाचा? हात दिसतील असा फोन सामान्य घरात यायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

मुले भाषा शिकतात ती मुलांमध्येच. निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा शहरात कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत राहिले. मुलांनी मात्र आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळून एक नवी भाषाच घडवली! आपल्या खेड्यात एकट्या पडलेल्या मुलाला असा मेळावा कुठून मिळणार? तो आता थोडाफार मोबाईलवर मिळू शकतो.

श्रवणयंत्र, वाचा-उपचार जरूर करावेत. पण त्यांना यश येईपर्यंत लेकराला भाषेवाचून ठेवायचे का? अडचणी आहेतच. रेंज गेली की हात अर्ध्या शब्दावर गोठतात. वीज गेली की अंधारात बोलणेच बंद. पडद्यावरची मैत्री प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ शकत नाही, हेही खरे. म्हणून मला वाटते, अशा शाळांनी सुटीपूर्वीच पालकांचे क्रमांक जमवावेत, पाच-सहा मुलांचा गट करावा, रोजचा एक तास ठरवून द्यावा आणि त्यावर एखाद्या शिक्षकाचे लक्ष असावे.

आणि पालकांनीही शिकावे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले. त्याचे व्हिडिओ फुकट पाहता येतात.

मी निघाले तेव्हा त्या मुलीने मोबाईल माझ्याकडे वळवला आणि मैत्रिणीला माझ्याविषयी काहीतरी सांगितले. दोघी हसल्या. मी तिच्या आईला विचारले, "काय म्हणाली गं?"

आई ओशाळून म्हणाली, "काय की बाई, मला कुठं कळतंय!"

बारा वर्षे झाली. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले. मी त्यांना म्हटले, "तिचा तास बंद करू नका. त्यातली दहा मिनिटे तुम्ही दोघे तिच्याशेजारी बसा." कालपासून मीही बसते आहे.