आडनावाआधी अभ्यास बोलू द्या

पाचोडची आपली पोरं बी.कॉम. करून बँकेत, फायनान्स कंपनीत मुलाखतीला जातात. धास्ती कपड्यांची, इंग्रजीची. खरी अडचण पुढेच असते: "पूर्ण नाव काय?" आडनाव ऐकूनच काहींचं मत ठरतं. त्या जातीयतेविरुद्ध आपण लढूच. पण तयारी सोडायची नाही.

लंडनमध्ये प्रा. एडविन कॅनन यांना विद्यार्थी बाबासाहेबांची अनेक मतं पटली नव्हती. तरी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ला प्रस्तावना त्यांचीच, मतभेदही त्यात नोंदवलेले. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी चलनावरच साक्ष दिली.

म्हणून मित्रांनो, जाण्याआधी त्या कंपनीचा ताळेबंद वाचा. एक नेमका प्रश्न सोबत न्या. पटलं नाही, तर आकडे दाखवून सांगा. हांजी हांजीने छाप पडत नाही.

जय भीम!