मायबोलीचा दाखला

परदेशात इंग्रजी शिकवावयास शिक्षक पाहिजेत, अशा जाहिराती आता वलगावच्या तरुणांच्याही हाती पडू लागल्या आहेत. पगार, विमानभाडे, राहण्याची सोय, सारे काही असते. आणि तळाशी अट असते की उमेदवाराची मातृभाषा इंग्रजी असावी. ही अट भाषेची आहे, असे मानण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. ती पारपत्राची आहे.

दक्षिण कोरियाचेच पाहा. तेथे इंग्रजी शिक्षकाच्या व्हिसासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांचे नागरिक पात्र समजले जातात. खासगी शिकवणीवर्गात तर यांपैकी कोणत्याही विषयाचा पदवीधर चालतो. २०१० साली अंमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्यासाठी दार किलकिले झाले खरे, परंतु आपल्या माणसाने अध्यापनाची पात्रताही सिद्ध करावयाची. ज्याने घाम गाळून व्याकरण आत्मसात केले त्याची परीक्षा, आणि ज्याला भाषा पाळण्यात मिळाली त्याला माफी! मराठी तर उभ्या वलगावाला येते. विभक्तिप्रत्यय समजावून सांगा म्हटले तर किती जण पुढे येतील?

जन्मतः इंग्रजी बोलणारा तोच आदर्श शिक्षक, हे गृहीत १९६१ साली युगांडातील माकेरेरे येथे भरलेल्या परिषदेच्या विचारांत होते. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात ते भ्रामक ठरविले. ग्रंथ जुना झाला, जाहिराती मात्र तशाच निघतात.

आमच्या वाचकांना तर इतके दूर जावयास नको. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले, येथे भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. कोकणीचे व्याकरणही त्यांनीच लिहिले. त्यांच्याकडे मायबोलीचा दाखला कोणी मागितला होता?

पण गाऱ्हाणे मांडताना आपलेही अंगण पाहावे लागते. वऱ्हाडी पोर ‘मी अभ्यास करून राहिलो’ म्हणाले की वर्ग हसतो, कधी गुरुजीही हसतात. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच वलगावनजीक देह ठेवला; त्यांची कीर्तने कोणत्या बोलीत होत, हे हसणाऱ्यांनी आठवावे.

आमची मागणी साधी आहे. उमेदवाराचे पारपत्र बाजूस ठेवा आणि त्याला अर्धा तास वर्गावर पाठवा. अमरावतीच्या इंग्रजी शाळांनीही शिक्षक निवडताना तेच करावे.