शुचितेचा शेकडा एक!

दार बंद ठेवण्यासाठी ज्याने काल न्यायालयात धाव घेतली, त्यानेच ते उघडण्याची चिन्हे दिसताच उंबरठ्यावर बसून जकात मागावी, हा प्रकार चमत्कारिक खरा; परंतु अमेरिकेतील बड्या क्रीडासंघटनांनी तो करून दाखविला आहे. खेळांवरील पैजांस राज्यांनी परवानगी देऊ नये, असा कायदा तेथे १९९२ साली झाला. न्यूजर्सी राज्याने तो झुगारण्याचे ठरविताच बास्केटबॉल, बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल व आइस हॉकी यांच्या व्यावसायिक लीग आणि महाविद्यालयीन क्रीडासंघटना २०१२ मध्ये न्यायालयात गेल्या. पैजांमुळे खेळाच्या शुचितेस बाध येतो, हे त्यांचे म्हणणे. पुढे १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. परंतु त्या निकालाची वाटही न पाहता, त्याच वर्षीच्या जानेवारीत बास्केटबॉल लीगने न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे आपली मागणी मांडून ठेवली होती. लावल्या जाणाऱ्या प्रत्येक पैजेच्या रकमेवर शेकडा एक आम्हांस द्यावा, आणि त्याचे नाव ‘शुचिता शुल्क’! बेसबॉल लीगनेही हाच सूर धरला.

शेकडा एक हा आकडा दिसावयास किरकोळ आहे. तथापि नेव्हाडा राज्यात, जेथे १९४९ पासून अशा पैजा कायदेशीर आहेत, तेथील अनुभव असा की, शंभर डॉलर लागले म्हणजे त्यांतील सुमारे पंचाण्णव जिंकणाऱ्यांस परत जातात आणि पेढीपाशी पाचच्या आसपास उरतात. त्या पाचांतून एक, म्हणजे उत्पन्नाचा पाचवा हिस्सा! सरकारचा कर आणि पेढीचा खर्च ह्यानंतरचा.

लीगचा पक्ष अगदीच पोकळ आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खेळ आम्ही उभा करतो, पैज त्याच्या जिवावर चालते आणि देखरेखीचा भार आमच्यावर वाढतो, असे त्या म्हणतात. फ्रान्समध्ये २०१० च्या कायद्याने सामन्याच्या आयोजकांचा असा हक्क मान्यही केला आहे. खेळाच्या श्रमाचे मोल मागावयाचे असेल तर ते त्या नावाने मागावे. त्यावर वाद करता येईल. आमचा आक्षेप आहे तो शुचितेच्या नावाने पैसा मागण्यास. सामना खरा असणे हे प्रेक्षकाशी असलेले कर्तव्य आहे. त्याचे मोल तिकिटात आधीच आलेले असते.

आणि हे मोल पैजेच्या रकमेवर मोजणे तर सर्वांत घातक. पैजा जितक्या वाढतील तितके रखवालदाराचे वेतन वाढणार असेल, तर तो त्या आवरील कशाला? ही शंका केवळ तर्काची नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटो संघाच्या जाँटे पोर्टर या खेळाडूस बास्केटबॉल लीगने आजन्म बाद केले. स्वतःच्या प्रकृतीची गुप्त माहिती त्याने पैजवाल्यांस पुरविली होती, आणि त्यांच्या पैजा जिंकाव्यात म्हणून आजाराचे निमित्त सांगून तो सामन्यातून बाहेर पडला होता. ह्या संशयास्पद पैजांची सूचना प्रथम दिली ती परवानाधारक पेढ्यांनी व देखरेख करणाऱ्या संस्थेने. त्यानंतर अल्पवेतनी, कनिष्ठ करारावरील खेळाडू ‘अमुक गुणांहून कमी करील’ अशा पैजा बंद करण्यात आल्या, आणि त्या लीगच्याच आग्रहावरून. हे लीगने योग्यच केले. परंतु प्रत्येक पैजेमागे शेकडा एक तिच्या पदरात पडत असता, तर हा आग्रह तिने इतक्याच मोकळेपणाने धरला असता काय?

शुल्काची वाट रोखली गेली तेव्हा लीगनी दुसरी शोधली. सामना चालू असताना लागणाऱ्या काही पैजांसाठी लीगचीच अधिकृत आकडेवारी विकत घ्यावी, असे बंधन इलिनॉय व टेनेसी राज्यांनी २०१९ मध्ये कायद्याने घातले. नाव बदलले, वसुली राहिली.

आमच्या मते मार्ग सरळ आहे. देखरेखीस प्रत्यक्ष लागणारा खर्च राज्याने पैजेवरील करातून द्यावा, तो स्वतंत्र मंडळाच्या हाती असावा, आणि लीगच्या तिजोरीचा पैजांच्या उलाढालीशी संबंध नसावा.

हा प्रश्न परका समजून आपण स्वस्थ बसू नये. पैजा रोखता येत नसतील तर त्यांचे नियमन करावे, असे आपल्या विधी आयोगाने जुलै २०१८ च्या अहवालात सुचविले होते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तोवर अशाच एका कंपनीचे नाव आपल्या क्रिकेट संघाच्या छातीवर मिरवत होते. ते उतरले ते कायदा आला म्हणून, क्रिकेटच्या धुरीणांस उपरती झाली म्हणून नव्हे. उद्या पैजांस मोकळीक देण्याचा विचार पुन्हा निघाला, तर हिस्सा मागणारे हात आपल्याकडेही पुढे येतील. कुंपणास शेतातला वाटा ठरवून दिला, की मग ते शेत खाते अशी तक्रार करण्यास जागा उरत नाही!