इमेजमधले भूत

व्हर्च्युअल डेस्कटॉपला नेटवर्क मिळत नाही, तेव्हा पहिला पुरावा त्याच्या आयपी पत्त्यात सापडतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कार्ड जागेवर आहे आणि ड्रायव्हरही चालू आहे. डीएचसीपी सर्व्हरचे उत्तर न आल्याने विंडोजने आपला आपणच पत्ता घेतला, एवढाच त्याचा अर्थ. अ‍ॅडॉप्टरच दिसत नसेल, तर आधी ड्रायव्हर पाहावा. व्हीएमवेअरचे व्हीएमएक्सनेट-३ हे कार्ड कुठल्याही कारखान्यात बनलेले नाही. त्याचा ड्रायव्हर सहसा व्हीएमवेअर टूल्सबरोबर येतो आणि टूल्स अर्धवट बसली की कार्ड गायब होते.

सर्वांत जास्त छळतो तो भुताचा प्रकार. व्हीएमएक्सनेट-३ चा अनुक्रमांक त्याच्या मॅक पत्त्यावरून तयार होतो. इमेजचा क्लोन काढला की मॅक बदलतो. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर-२ यांना मग ते नवेच कार्ड वाटते आणि त्याच्या नावापुढे ‘#२’ लागते. जुने कार्ड निघून गेलेले असते, पण त्याची नोंद रजिस्ट्रीत तशीच राहते, तीही स्थिर आयपी पत्त्यासह. तोच पत्ता नव्या कार्डाला द्यायला गेले की विंडोज बजावते, हा पत्ता दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरकडे आहे. तो दुसरा मात्र डोळ्यांना कुठेच दिसत नाही.

तो दिसावा यासाठी कमांड प्रॉम्प्टवर ‘डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस’ या चलाची किंमत १ करायची, त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघडायचा आणि लपलेली उपकरणे दाखवायला सांगायचे. फिकट चिन्हाची जी कार्डे दिसतील, ती अनइन्स्टॉल करायची. हे सगळे करायचे ते मूळ इमेजमध्ये. तक्रार आलेल्या डेस्कटॉपवर ही साफसफाई करणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: नॉन-पर्सिस्टंट डेस्कटॉप लॉगऑफनंतर इमेजच्या मूळ रूपात परततो आणि भूत पुन्हा हजर होते. इमेज स्वच्छ करून नवा स्नॅपशॉट घ्यायचा आणि सगळा पूल त्यावर न्यायचा, हाच उपाय टिकतो.

सिट्रिक्स प्रोव्हिजनिंगमध्ये हीच चूक फार महाग पडते. तिथे डेस्कटॉपची डिस्कच नेटवर्कवरून येते. बूट होताना विंडोजने कार्ड चुकीचे धरले, तर डिस्कशी संबंध तुटतो आणि निळा पडदा दिसतो. नेटवर्क नाही म्हणून डिस्क नाही, आणि डिस्क नाही म्हणून दुरुस्ती करायला विंडोजही नाही. त्यामुळे तिथली भुते इमेज तयार करण्याआधीच काढलेली बरी.

काही वेळा मात्र इमेज निर्दोष असते. २५५.२५५.२५५.० या मास्कच्या जाळ्यात वापरण्याजोगे पत्ते असतात २५४. विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरवर लीजची नेहमीची मुदत असते ८ दिवस. १५० डेस्कटॉपचा पूल आठवड्यात दोनदा नव्याने बांधला आणि दर वेळी नवे मॅक मिळाले, तर मागणी होते ३०० पत्त्यांची. जुने डेस्कटॉप पुसले गेले तरी त्यांचे पत्ते लीज संपेपर्यंत अडकून राहतात आणि उरलेल्यांच्या नशिबी १६९.२५४ येते. अशा वेळी इमेजला हातही लावू नये. लीज काही तासांवर आणली की पुरते.