मूर्ती जपल्या, फर्मे गमावले : ओतकामाच्या दोन रीती

१/८
ओतकामाचा इतिहास म्हटला की चोळांचा नटराज आठवतो, मोहेंजोदडोची १०.५ सेंटिमीटर उंचीची नर्तकी आठवते. पंपाचे कवच किंवा नांगराचे सुटे भाग कोणाला आठवत नाहीत. ही उपेक्षा अन्यायकारक आहे, असे माझे मत आहे. का, ते दोन रीती शेजारी ठेवून पाहू.

२/८
पहिली मेणाची. वस्तू आधी मेणात घडवायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, ते वाळले की तापवून मेण बाहेर काढायचे आणि पोकळीत धातुरस ओतायचा. हेच मधूच्छिष्टविधान. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा, हेही सांगितले आहे.

३/८
येथे मेण वितळून जाते आणि साचाही फोडावा लागतो. पण साच्यातून काहीच उचलून काढायचे नसल्याने बारीक नक्षी, आत वळलेले कोपरे, सारे साधते.

४/८
दुसरी वाळूची. लाकडी फर्मा पेटीत ठेवून त्याभोवती चिकणमाती मिसळलेली ओलसर वाळू ठोकून बसवायची, मग फर्मा अलगद उचलायचा. तो सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार हवा. ओतीव लोखंड थिजल्यावर निवताना सुमारे १ टक्का आक्रसते, म्हणून फर्मा तेवढा मोठा हवा. साचा येथेही मोडतो. फर्मा मात्र उरतो. त्याच फर्म्यावरून पुढचे शेकडो नग निघतात.

५/८
या उरण्यानेच इतिहास बदलला. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये वाळूत लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट घेतले आणि पितळेच्या भांड्याला स्वस्त पर्याय मिळाला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतात पोहोचला. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफेचा नांगर होतो, तो ओतशाळेतच.

६/८
मग मेणाची रीत मागासलेली का? मुळीच नाही. जेट इंजिनातील टर्बाइनची पाती आजही मेणाच्याच रीतीने ओततात. मातीऐवजी सिरॅमिकचे कवच असते, एवढेच. पात्याच्या पोटातील हवेच्या बारीक वाटा वाळूच्या साच्याला झेपत नाहीत. उलट इंजिनाचा अवजड ब्लॉक मेणात करणे परवडत नाही. श्रेष्ठ कोण हा प्रश्नच चुकीचा; कोणता भाग, किती नग, एवढेच विचारावे.

७/८
तरीही आपण एकाच रीतीचा इतिहास जपतो. मूर्ती देव्हाऱ्यात आणि संग्रहालयात टिकते. नांगर झिजला की भंगारात जातो आणि पुन्हा भट्टीत वितळतो. वाळूच्या रीतीचा खरा दस्तऐवज म्हणजे तो लाकडी फर्मा, आणि लाकूड सरपणालाही चालते.

८/८
कोल्हापूरच्या ओतशाळांनी या महाराष्ट्राला इंजिने आणि पंप दिले. वाळूच्या धुळीने फुप्फुसे झिजतात हे ठाऊक असलेल्या धंद्यात माणसांनी आयुष्ये काढली. त्यांचे फर्मे, मापांच्या वह्या आणि जुन्या कारागिरांच्या आठवणी जतन व्हायला हव्यात. नटराजाशेजारी एका पंपाचा फर्मा मांडल्याने नटराजाची उंची कमी होणार नाही.